बीळ सोडून सारवलेलं खळं

आमच्या खळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बीळ होतं आणि ते कधी बुजवायचं नाही, असा घरचा नियम होता. नियम माझ्या सासूचा. तिला तो कुणी सांगितला ते मी कधी विचारलं नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी, पाऊस सरल्यावर, तिनं मला शेणाची पाटी दिली आणि खळ्याकडं बोट केलं.

"सगळं सारव. तेवढं बीळ सोड. बोटानं कड गोल फिरव, आत शेण जाऊ देऊ नको."

मी विचारलं, "कुणाचं बीळ?"

"उडीचं," ती म्हणाली आणि निघून गेली.

खळं म्हणजे नागली-वरई झोडायची जागा. दरवर्षी जमीन चोपून, शेणानं सारवून ती नव्यानं करायची. झोडणी होईपर्यंत कापलेल्या पेंढ्या शेजारीच रचून ठेवतात, त्या राशीला आम्ही उडवी म्हणतो. दिवाळीनंतरही आमच्या डोंगरावर एखादी सर येतेच. उडवीखाली पाणी शिरलं की कणसं काळी पडतात आणि वर्षभर तोंडात माती आल्यासारखी भाकरी खावी लागते. सासूचं म्हणणं असं, की ही मुंगी पाणी थांबतं तिथं घर करत नाही. म्हणून उडवी तिच्या बिळाशेजारी रचायची. मी चाळीस वर्षं तशीच रचली. एकदाही खालून भिजली नाही.

या मुंगीला उडी आम्हीही लहानपणी म्हणायचो. तिचं खरं नाव काय ते मला ठाऊक नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, मग शेळ्या. सूर्यमाळच्या बाजूला जंगल दाट होतं. पावसाळा संपला तरी झाडं चार-चार दिवस ठिबकत राहायची. दगडांवर शेवाळ, खोडांवर शेवाळ, ऐनाच्या फांद्यांनाही हिरव्या दाढ्या. आत शिरलं की स्वतःच्या पावलांचा आवाज यायचा नाही. शेळ्या पुढं जायच्या आणि मी मागं उभी राहायचे, काही न करता. अशीच एकदा उभी असताना पाचोळ्यावर टप्प असं झालं. वाटलं, थेंब पडला. परत टप्प. तेव्हा दिसली. मुंगीच होती, पण चालत नव्हती. एका पानावरून उचलल्यासारखी हवेत गेली आणि दुसऱ्या पानावर उतरली. मग मान वळवून तिनं माझ्याकडं बघितलं.

मुंगी माणसाकडं बघत नाही. इतर मुंग्यांना आपण म्हणजे दगड किंवा झाड. ही बघते. मी घरी सांगितलं तर आई म्हणाली, ऊन लागलं असेल. जंगलात ऊन नव्हतंच.

आता सुनेचं सांगते. माझी सून पोशेऱ्याची. बारावी शिकलेली, हाताला चपळ, तोंडाला त्याहून चपळ. मुलगा मोखाड्याला कचेरीत कारकून आहे, सकाळी मोटरसायकलनं जातो आणि संध्याकाळी येतो. शेतीचं आम्ही दोघीच बघतो. ती आली त्या वर्षी मीही तिला शेणाची पाटी दिली आणि तेच सांगितलं, सगळं सारव, तेवढं बीळ सोड, बोटानं कड फिरव. ती हसली. "आई, मुंगीला सुद्धा दार ठेवायचं का?" म्हणाली. पण सांगितलं तसं केलं. माझ्याहून नीट केलं. मी ओबडधोबड भोक ठेवायचे, तिनं बांगडीसारखं गोल ठेवलं.

दुसऱ्या वर्षी सारवताना ती एकदम हात झटकून म्हणाली, "काटा लागला." शेणात बाभळीचा काटा येतो कधी कधी. हात कोपरापर्यंत सुजला, दोन दिवसांनी उतरला. आम्ही हळद लावली आणि विसरलो.

तिसऱ्या वर्षी परत काटा लागला.

मी ओट्यावर वरई पाखडत होते. ती खळ्याच्या वरच्या कोपऱ्यात उकिडवी बसली होती. "काटा," ती म्हणाली आणि बोटं पदराला पुसून पुढं सारवायला लागली. थोड्या वेळानं तळहात खाजवायला लागली. मग पायांचे तळवे. मी म्हटलं, "काय गं, माकडासारखी?" तिनं मान वर केली. तिचे डोळे नव्हते. म्हणजे पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळे आत गेले होते. ओठ दुसऱ्या कुणाचे तरी लावल्यासारखे. ती काहीतरी बोलली पण आवाज तिचा नव्हता, विहिरीतून आल्यासारखा होता.

शेजारच्या पाड्यावर एकाची जीप आहे. तो घरी होता, म्हणून सून आज आहे. दुसरं काही कारण नाही.

जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सकाळची वेळ, सगळीकडं धुकं. आमच्या डोंगरावर त्या दिवसांत धुकं असं बसतं की रस्त्याच्या पुढचं वळण आहे की नाही कळत नाही. नागलीची शेतं पिवळी, अर्धी कापलेली, धुक्यातून वर येत होती आणि मागं जात होती. खोडाळ्याचा बाजार गेला. माणसं, टोपल्या, एक लाल छत्री. सगळं हळू आणि आवाजाशिवाय. ऐकू येत होती ती फक्त तिच्या छातीतली शिट्टी. बारीक, लांब, मध्येच तुटणारी. तुटली की मी तिच्या गालावर चापट मारायचे. परत सुरू व्हायची. मी देवाचं नाव वगैरे घेतलं नाही. मी तिच्या हाताकडं बघत होते. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात एक लाल टिंब होतं, भोवती पांढरं कडं. एकच टिंब. ती काटा म्हणत होती, पण काटा आत राहतो. इथं काहीच नव्हतं. आणि ती सकाळभर कुठं बसली होती ते मी ओट्यावरून बघितलं होतं.

मोखाड्याला सुई दिली. शिट्टी कमी झाली. पुढं जव्हारला नेलं, दोन दिवस ठेवलं. मुलगा कचेरीतून तसाच आला. डॉक्टर तरुण होते, पण घाईत बोलणारे नव्हते. त्यांनी खुर्ची ओढून आम्हाला बसवलं.

"काय चावलं?"

मुलगा म्हणाला, "तांबडे मुंगळे, सर. घरामागच्या आंब्यावर ढीगभर आहेत. पानं शिवून घरं करतात ते."

"नक्की? कुणी बघितलं?"

"दुसरं काय असणार?"

डॉक्टर म्हणाले, "काहीही असू शकतं. तिच्या अंगाला ते विष सहन होत नाही. पहिल्या वेळी हात सुजला, या वेळी श्वास अडला. पुढच्या वेळी तुम्ही इथपर्यंत पोचाल की नाही, मी सांगू शकत नाही. तुमचं घर लांब आहे. काय चावलं ते शोधा आणि तिला त्यापासून लांब ठेवा." मग माझ्याकडं वळले. "आजी, तुम्ही तिथं होता. तुम्हाला काही दिसलं?"

मी म्हटलं, "नाय."

खोटं नव्हतं. दिसलं नव्हतं. पण ठाऊक होतं. तोंड उघडलं असतं तर पुढचा प्रश्न मलाच आला असता, की मग ते बीळ इतकी वर्षं ठेवलं कुणी?

घरी आल्यावर मुलानं बांबूच्या टोकाला चिंध्या बांधल्या, रॉकेल ओतलं आणि आंब्यावरची पानांची घरं जाळत सुटला. जळके मुंगळे पावसासारखे पडत होते. काही त्याच्या मानेत शिरले, तो नाचायला लागला. सून ओट्यावर पाय वर घेऊन बसली होती. ती हसली नाही.

मी म्हटलं, "अरे, ती आंब्याखाली गेलीच नव्हती."

"आये, मग मुंगळे चालत आले असतील खळ्यापर्यंत."

"त्यांना नांगी नाही. ते दातानं धरतात आणि वर आंबट पाणी सोडतात. तुला आता चावले ना? बघ अंगावर. असं एकच टिंब आहे का कुठं?"

"मग काय आहे ते तू सांग!"

मी चुलीकडं वळले.

तीन सकाळी मी खळ्यात जाऊन बसले. मुलगा निघाल्यावर, उन्हाची पहिली पट्टी बिळावर आली की. कुणी विचारलं तर सांगायचं ठरवलं होतं, की ऊन खाते. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्यात अजून दूध आहे. चांगला डोळा बिळाच्या बाजूला केला आणि बसले. खळं अर्धंच सारवलेलं होतं, सून उठून पडली त्या जागी शेण तसंच वाळलं होतं, तिच्या पाचही बोटांच्या रेघा त्यात. बीळ मात्र गोल. बांगडीसारखं.

इतकी वर्षं ती मुंगी माझ्या खळ्यात राहिली आणि मी तिच्याकडं धड बघितलं नव्हतं. लहानपणी बघितलं तेवढंच. आता बघितलं.

ती लगेच बाहेर येत नाही. आधी बिळाच्या तोंडाशी दोन पिवळे चिमटे दिसतात. लांब, जरा वर वळलेले, नांगराच्या फाळासारखे. तिच्या डोक्याएवढेच लांब. मग डोकं. डोक्यावर डोळे इतके मोठे, की डोकं त्यांच्यासाठीच केलंय असं वाटावं. बाकी कुठल्या मुंगीचे डोळे मला कधी दिसले नाहीत, माझ्या चांगल्या दिवसांतही नाही. हिचे या वयात एका डोळ्यानं दिसतात. मग अंग, तांबूस विटकरी, आणि मागचा भाग काळपट. पाय पिवळसर. लांबी माझ्या करंगळीच्या नखापेक्षा जास्त. ती बाहेर येऊन थांबते. एकटीच. तिच्या मागं दुसरी नाही, रांग नाही, धावपळ नाही. काळे मुंगळे वेड्यासारखे पळतात, दाणे नेणाऱ्या मुंग्यांची वाट पडलेली असते आणि बिळाभोवती फोलपटांचं कडं असतं. हिच्या दारात काही नाही. झाडून ठेवल्यासारखं.

मेलेल्या लाकडात एक सडपातळ मुंगी राहते, तिचं डोकं काळं, मध्ये लाल आणि शेपूट परत काळी. तीही नांगी मारते, तिला बघून उडी समजू नये. ती खोडावर राहते आणि भराभर चढते. उडी जमिनीवर राहते आणि तिला कसलीच घाई नसते.

धुकं जमिनीवरून उठत होतं. ती उभी होती, मी बसले होते. किती वेळ गेला कळलं नाही. कोंबडी येऊन गेली. ऊन माझ्या गुडघ्यावरून पोटावर आलं. मला वाटायला लागलं की खळं, उडवी, मी, सगळं तिच्या डोळ्यात मावलंय आणि ती हलली की आम्ही सगळे हलू. मला झोप लागली नव्हती, स्वप्न तर मला पडतच नाहीत, सासू गेल्यापासून एकही पडलं नाही. मी जागी होते. गवताच्या काडीवर एक नाकतोडा होता, हातभर अंतरावर. मुंगी दोन पावलं गेली. थांबली. परत दोन पावलं. मग ती होती तिथं नव्हती. नाकतोड्यावर होती. चिमट्यात धरला, पोट वळवून नांगी टोचली, एकदाच. नाकतोडा मेला नाही. त्याच्या मिशा हलत होत्या. पण पाय विसरल्यासारखा पडून राहिला. तिनं त्याला ओढत आणलं आणि माझ्या सुनेनं गोल ठेवलेल्या दारातून आत नेलं.

तिसऱ्या सकाळी मी काडी पुढं केली. ती काडीवर उडी मारून आली. मी काडी डाव्या हाताच्या बेचक्याला लावली आणि अंगठा दाबला.

आगीत तापवलेली सुई घालावी तसं झालं. मी तोंडातून शिवी काढली, मोठ्यानं. मग पदरात हात गुंडाळून बसले. माझा हात सुजेल, बास. मला पूर्वी दोनदा चावली होती, काही झालं नव्हतं. थोड्या वेळानं पदर काढला. एक लाल टिंब, भोवती पांढरं कडं.

घरात गेले. सून खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्या शेजारी बसले, तिचा हात धरला आणि माझा हात त्याच्याजवळ ठेवला. तिचं टिंब आता काळं पडलं होतं, पण कडं दिसत होतं. तिनं दोन्हीकडं बघितलं.

"काय चावलं तुम्हाला?"

"उडी. मीच चाववून घेतली."

"बिळातली?"

"हो."

तिनं आपला हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"तू जीपमध्ये होतीस तेव्हापासून."

"आणि दवाखान्यात गप्प बसलात."

"बसले."

"बीळ सोडून सारव, असं तुम्हीच सांगितलं होतं ना, आई? मी तीन वर्षं बोटानं कड काढत बसले. बोटानं!" तिचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. "मेले असते तर सांगितलं असतं का हो?"

मी म्हटलं, "ठाऊक नाही."

हे खरं उत्तर होतं. तिनं तांदळाचं सूप माझ्या मांडीवर ठेवलं आणि उठून आत गेली. मी तांदूळ निवडले. एकाच हातानं, कारण दुसरा फुगला होता.

संध्याकाळी तिनंच नवऱ्याला सांगितलं. तो माझ्यावर ओरडला. ओरडायलाच हवं होतं. मग त्यानं मोबाइलवर शोधून एक चित्र माझ्यापुढं धरलं. "हीच का?" डोळे तेच, चिमटे तेच. त्यात लिहिलं होतं म्हणे, की ही सह्याद्रीच्या ओल्या जंगलात असते आणि फार लोकांना ठाऊक नाही. मी म्हटलं, "हीच. पण चित्र उडी मारत नाही. चित्रावरून हिला ओळखता येणार नाही."

"ओळखायची कशाला? उद्या मारून टाकू."

"तू नको. मीच करते," मी म्हटलं.

आधी दोन हंडे पाणी बिळात ओतलं. पाणी गुडगुड करत गेलं. सगळ्या बुडाल्या असं समजून मी परत आले. दुसऱ्या सकाळी दोन पिवळे चिमटे बिळाच्या तोंडाशी. जणू काही झालंच नाही.

मग मुलाचे गमबूट घातले, वर पोत्याच्या चिंध्या बांधल्या, हाताला फडकी गुंडाळली आणि कुदळ घेतली. सून दाराआडून बघत होती. वीतभर खाली माती ओली होती, कालच्या पाण्यानं. हातभर खाली चिखल. त्या चिखलाच्या मध्ये कुदळ एका पोकळीत गेली. मी वाकून मातीचा पापुद्रा काढला.

आत एक खोली होती. खरंच खोली. नारळाच्या करवंटीएवढी, जमीन सपाट, वर घुमट. घुमटाच्या बाहेरून बोटभर जागा मोकळी सोडलेली, सगळीकडून, म्हणजे वरून आलेलं पाणी खोलीच्या बाहेरून वाहून खाली जाईल. माझे दोन हंडे तिथूनच गेले होते. आणि आतल्या भिंतींना काहीतरी चिकटवलेलं होतं, पातळ, पिवळसर, पतंगीच्या कागदासारखं. बोट लावलं. कोरडं. भोवती चिखल आणि आत चुलीजवळच्या कोनाड्यासारखं कोरडं. खाली आणखी एक खोली होती, तिच्याखाली आणखी एक. पांढरे कोष ओळीनं लावलेले. कोपऱ्यात तो नाकतोडा, अजून मिशा हलवत.

मी तिथं किती वेळ वाकले होते मला सांगता येणार नाही. उन्हं त्या घुमटात शिरली होती आणि कागद सोन्यासारखा दिसत होता. मुंग्या पळाल्या नाहीत. बऱ्याच उड्या मारून कडेला गेल्या आणि वळून बघत उभ्या राहिल्या. पन्नास-साठ असतील. सगळ्या माझ्याकडं बघत. सासूचं खरं होतं, एवढंच माझ्या मनात आलं. पाणी थांबेल तिथं ही घर करत नाही, आणि आलंच पाणी तर त्याला वाट करून देते. तिनं हे बीळ कधी खणलं असेल का? खणलं असणार. आणि परत बुजवलं असणार.

मागून सून म्हणाली, "आई, कंबर धरली का?"

"पाणी उकळलं का बघ," मी म्हटलं.

तिनं उकळतं पाणी घमेल्यातून आणून लांब ठेवलं. मी ओतलं. तीन घमेली. मग माती ओढली आणि चोपली. वाईट वाटलं का, असं मला नंतर पाड्यावरच्या एकीनं विचारलं. मला सुनेच्या छातीतली शिट्टी आठवत होती. मी ओतलं.

त्यानं काही संपलं नाही, हे चार दिवसांत कळलं. शेताच्या बांधावर मला दुसरी दिसली. हिरड्याखाली तिसरी. डोंगर त्यांचा आहे, एक खोली बुजवून काय होणार? सून ओट्यावरून खाली उतरेना. पाणी आणायला नाही, चुलीचं लाकूड आणायला नाही. दहा-बारा दिवस झाले. पाय वर घेऊन बसायची आणि प्रत्येक किड्याकडं बघून दचकायची. एकदा झुरळ बघून किंचाळली.

मी म्हटलं, "अशी किती दिवस बसणार? म्हातारी मी आहे का तू?"

"तुम्हाला काय होतंय बोलायला? तुमचा हात नुसता फुगतो."

"म्हणून तर माझा डोळा तुला देते. ऊठ."

मी तिला सकाळी हिरड्याकडं नेलं. गमबूट तिच्या पायात, लांब काठी तिच्या हातात. बिळापासून पाच पावलांवर बसवलं. पहिल्या दिवशी तिला काही दिसलं नाही. तिचे दोन्ही डोळे चांगले, आणि तिला दिसेना.

"कुठाय?"

"तुझ्याकडंच बघतेय."

"बाई गं!"

"ओरडू नको. ती तुझ्यामागं लागत नाही. तू हात टेकला तिथं ती असली, तरच. मुंगी शोधू नको. जे थांबलंय ते शोध. बाकी सगळ्या मुंग्या चालतात."

तिसऱ्या दिवशी तिला दिसली. मी सांगण्याआधी. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि कुजबुजली, "आई, तिनं मान वळवली." त्यानंतर आम्ही रोज जाऊन बसायचो, धुकं उठेपर्यंत. तिथं एक मजा होती. आजूबाजूला कुणी नाही, बोलणं नाही, आणि दोघींची नजर एकाच टिचभर जागेवर. ती मला रागावलेली होतीच, अजूनही थोडी आहे. पण तिथं बसलं की राग ओट्यावर राहिल्यासारखा व्हायचा. एकदा मुंगी तिच्या काठीपासून वीतभर अंतरावर उतरली. ती हलली नाही. श्वासही घेतला नाही. मुंगी गेल्यावर म्हणाली, "सासूसारखी आहे. आधी टक लावून बघते, मग टोचते."

मी म्हटलं, "आणि तू नाकतोड्यासारखी, पडून नुसत्या मिशा हलवतेस."

आम्ही इतक्या हसलो की त्या दिवशी मुंगी परत बाहेर आलीच नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, त्या ती कमरेच्या बटव्यात ठेवते. जीपवाल्याचा नंबर भिंतीवर कोळशानं लिहिलाय. एवढं सगळं आहे, तरी मोखाडा लांबच आहे. तिचं खरं औषध तिचा डोळा, हे तिला कळलंय.

या दिवाळीला खळं करायची वेळ आली. जुन्या खळ्याची वरची बाजू मी खणल्यामुळं खचली होती, पावसात तिथं डबकं साचलं. सून म्हणाली, "यंदा जागा मी बघते." सकाळी गमबूट घालून, काठी घेऊन, ती उतारावर फिरायला लागली. दोन पावलं जायची, थांबायची. परत दोन पावलं. मी मागं होते. एका जागी मला जमीन बरी वाटली, थोडी उंच, सपाट. मी वाकून गवत उपटायला हात घातला.

"आई, हात काढा."

मी काढला.

"तिथं नको. ती आहे."

मी चांगला डोळा लावला. गवत, दव, एक वाळलं पान. काहीच नव्हतं.

"कुठं?"

"पानाच्या डाव्या अंगाला. तुमच्याकडंच बघतेय."

मला दिसली नाही. तिनं घरातून चुलीतली राख आणली आणि काठीच्या टोकाला फडकं बांधून, लांबूनच, त्या जागेभोवती राखेची रेघ ओढली. गोल, बांगडीसारखी. मग दहा पावलं खाली खळं आखलं आणि ओट्यावर दात घासत उभ्या असलेल्या नवऱ्याला हाक मारली.

"अहो, उडवी इथं वर रचायची, रेघेच्या अलीकडं. पेंढ्या तुम्हीच रचायच्या आणि तुम्हीच काढायच्या. हात कुठंही टेकायचा नाही."

तो म्हणाला, "तिथंच कशाला? तिच्या दारात?"

"तिथं पाणी थांबत नाही," ती म्हणाली.

सारवायला तिनं लांब दांड्याचा खराटा केलाय. उभ्यानं सारवते, हात शेणाला लावत नाही. सारवण माझ्यासारखं ओबडधोबड होतं, पण होतं. मी ओट्यावरून बघते. धुकं असलं की ती दिसत नाही, नुसता खराट्याचा आवाज येतो, मध्येच थांबतो. थांबला की मी हातातली वरई खाली ठेवते. मग परत सुरू होतो.

मला इथून ती राखेची रेघ दिसते. मुंगी दिसत नाही.